देवाची राई आणि कमिटीचं पार्किंग

सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. देवळाचा जीर्णोद्धार जोरात सुरू, नवा सभामंडप, समोर पेव्हर ब्लॉक. खाली नमस्कारांची रांग. मागची राई, देवाच्या नावाने राखलेलं ते रान, कुठे गेली, हे एकानेही विचारलं नाही. सातविणी गेल्या, तो थोरला बेहडा गेला. तिथे आता गाड्या लागणार म्हणे. देवाच्या दारात!

आमच्या घरी एक गोष्ट सांगायचे. आजोबांच्या तरुणपणी एक लाकडाचा व्यापारी आला. शाळेचं छप्पर घालून देतो, राईतली झाडं द्या. अर्धा गाव तयार. देवाला कौल लावला. म्हणजे मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तर डावी पाकळी टपकन खाली. व्यापारी चालता झाला. गोष्ट संपली की आजोबा मिशीत हसायचे, "पाकळ्येक पाणी किती लावचा ता गुरवाक बरोबर कळता."

२०१७च्या मार्चमध्ये न्यूझीलंडने व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती ठरवलं. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही तो दर्जा दिला. जुलैत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती! राज्य सरकारच विचारत होतं, पूर आला तर भरपाई कोणी द्यायची? अहो, पण आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती इंग्रजांच्या काळापासून आहे. त्याच्या नावावर जमीन असते, तो कोर्टात दावा लावतो. मग देव म्हणजे नुसता गाभाऱ्यातला पाषाण, आणि राई म्हणजे मोकळी जागा, हे कोणी ठरवलं? कोकणात कितीतरी गावांत सातेरी देवीचं मूळ रूप वारूळ आहे. वारूळ! तिला ग्रॅनाइट कशाला हवाय?

कौल जुळवता येतो, मान्य. या वेळीही 'देवाने उजवा दिला' असंच कमिटी सांगतेय. आणि जुन्या गावरहाटीत, म्हणजे गावाच्या परंपरेने चालणाऱ्या कारभारात, मानकऱ्यांपुढे सगळ्यांना तोंड उघडता येत होतं असंही नाही. बरं, तेही मान्य.

पण व्हांगानुईच्या वतीने बोलायला कायद्याने दोन माणसं नेमलीत, एक तिथल्या मूळच्या माओरी लोकांकडून, एक सरकारकडून. आमच्या राईच्या वतीने कोण बोलणार, कमिटीचा खजिनदार? त्या गुरवाला कोणी नेमलं नव्हतं. तरी तो राईच्या बाजूने उभा राहिला, आणि गावाने ऐकलं. कारण राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, राखणदार बघतो, हे प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकलेलं होतं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास करत फिरले, तेव्हा त्यांनीही असेच दंडक नोंदवले. आपल्याला मात्र त्या गोष्टी पोरांना सांगायची लाज वाटते. अंधश्रद्धा ना! मग सांगा की त्यांना, धनेश पक्ष्याला अंडी घालायला जुन्या झाडाची ढोली लागते, ती पेव्हर ब्लॉकमध्ये मिळत नाही. तेही कोणी सांगत नाही.

असो. चिडून काय होणार, बेहडा तर गेला. उरलेल्या राईचं बघू.

गणपतीला गावी जातोय. कमिटीच्या बैठकीत आजोबांची गोष्ट माइकवरून सांगणार आहे, पाकळीच्या पाण्यासकट. कोणाच्या भावना दुखावणार असतील तर इथेच खाली लिहा, इनबॉक्समध्ये येऊ नका.