फळवाटप नको, पगार द्या

सप्टेंबर म्हणजे लहान मुलांच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना. यंदा बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारच्या मंडळाच्या ग्रुपवर सूचना आली की गणपतीच्या वर्गणीतून जे उरेल त्यातून कॅन्सर वॉर्डातल्या मुलांना फळं आणि खेळणी वाटू या. म्हणजे बॅनर आलं, फोटो आले. मी लिहिलं, त्यापेक्षा एखाद्या चांगल्या संस्थेला सोशल वर्करच्या पगारासाठी पैसे द्या. झालं! "संस्थावाले पगारातच पैसे उडवतात", "आपला पैसा थेट मुलापर्यंत पोचला पाहिजे", आणि एका काकांचा नुसताच हात जोडलेला इमोजी. ग्रुपवर वाद घालायला माझ्या अंगठ्यात ताकद नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी फळांचं. केमो चालू असलेल्या मुलाचे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट खाली गेले की बऱ्याच वॉर्डांत द्राक्षं आणि कापलेली फळं बंद करतात, धूळ धरणारी मऊ खेळणीही नको म्हणतात. आपण निघालो की आपली पिशवी बाहेरच्या बाकावर जाते.

आता पगाराचं. माझ्या आतेभावाच्या मुलीला सहाव्या वर्षी ब्लड कॅन्सर निघाला. इथून मुंबईला नेली. पहिले काही महिने सगळं घर तिच्याभोवती होतं. मग केस परत आले, पोर अंगणात धावायला लागली, आणि घरातलेच म्हणू लागले, "आता बरी आहे की, कशाला सारखं सारखं न्यायचं?" भाऊ मकरपुऱ्यात ठेकेदाराकडे कामाला, खाडा झाला की पैसे कापले जायचे. एका तारखेला ते गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी एका संस्थेच्या मुलीचा फोन. "दादा, काल का नाही आलात?" ती रागावली नाही, नुसती विचारत राहिली, तेव्हा कुठे भावाने खरं सांगितलं: मुंबईत राहायला दिवसाचे पैसे नाहीत. तिने निवासाची सोय लावली. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्याला पाऊण सवलत मिळते, तो फॉर्मही तिनेच भरून घेतला. इतके महिने हा पूर्ण भाडं भरत होता! त्यानंतर वहिनीने कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी रोजच्या गोळीची खूण करायला सुरुवात केली. त्या खुणा तारखेला मुंबईत दाखवाव्या लागायच्या.

मुलांमधल्या सर्वात जास्त आढळणाऱ्या ब्लड कॅन्सरचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. शेवटचा मोठा टप्पा घरी गोळ्या घ्यायचा, आणि मूल नेमकं तेव्हाच ठणठणीत दिसतं. उपचार मध्येच सुटले की आजार उलटायची भीती. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्केही नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उशिरा झालेलं निदान हे त्याचं एक कारण, मध्येच सोडलेले उपचार हे दुसरं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये २००९च्या सुमारास पाचातलं जवळजवळ एक मूल उपचार नाकारायचं किंवा मध्येच गळायचं. तिथल्या मुलांच्या विभागाने इम्पॅक्ट फाउंडेशन उभं केलं. पैसा, राहणं, जेवण, समुपदेशन आणि न आलेल्यांचा पाठपुरावा अशी सगळी बाजू एकत्र धरली, आणि ते प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. हे कोणत्या महागड्या इंजेक्शनने झालेलं नाही.

आयुष्मान कार्डाचे पाच लाख हॉस्पिटलच्या बिलाला असतात. खोलीभाडं, भाजी, बुडालेली मजुरी हे कुठल्या कार्डात बसतं? ती पोकळी संस्था भरतात. सेंट ज्यूड इंडिया २००६पासून उपचाराला आलेल्या कुटुंबांना मोफत राहायला जागा देते. कडल्स फाउंडेशन हॉस्पिटलांत आहारतज्ज्ञ नेमते, कारण कुपोषित मुलाला केमो झेपत नाही. आहारतज्ज्ञ म्हटलं की पगार आलाच ना!

संशोधनाची गोष्टही अशीच रुक्ष आहे. १९४७मध्ये बॉस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी ब्लड कॅन्सरच्या मुलांना जे औषध देऊन पाहिलं, ते आपल्या आंध्रातल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेलं. पुढच्याच वर्षी तिथे लोकवर्गणीतून मुलांच्या कॅन्सर संशोधनासाठी जिमी फंड उभा राहिला. अमेरिकेतल्या मेम्फिसचं सेंट ज्यूड हॉस्पिटल (वरची संस्था वेगळी) १९६२मध्ये उघडलं तेव्हा मुलांमधल्या या सर्वात जास्त आढळणाऱ्या ब्लड कॅन्सरची चारच टक्के मुलं वाचत होती. आज तिथे हा आकडा ९४ आहे. तेही मुख्यतः देणग्यांवर चालतं. यातली बरीच औषधं जुनीच आहेत, त्यातलं व्हिन्क्रिस्टिन तर आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून निघतं. कोणतं औषध कधी, किती आणि कशासोबत द्यायचं हे हजारो मुलांच्या नोंदी ठेवून ठरत गेलं. एका हॉस्पिटलात तेवढी मुलं येत नाहीत, म्हणून अनेक हॉस्पिटलांनी मिळून चाचण्या करायच्या. आपल्याकडेही ब्लड कॅन्सरच्या मुलांसाठी आयसीआयसीएलई नावाची अशी चाचणी झाली. पेशंट कमी म्हणजे बाजार लहान, त्यामुळे औषध कंपन्यांना यात फारसा रस नसतो. नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा पगार मग कोणी द्यायचा? त्याच्यासोबत फोटो काढून घ्यायला तर कोणी जाणार नाही.

रडणाऱ्या मुलाच्या व्हिडिओवर पैसे पाठवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, मीही पाठवते. पण जे पोर दिसायला गोड, ज्याच्या घरी कोणाला मोबाइलवर व्हिडिओ करता येतो, त्याचेच लाख जमतात. छोटा उदेपूरच्या आदिवासी पाड्यातल्या बापाला हे कोण करून देणार?

संस्थांत चोर नसतात असं नाही. म्हणून पावती मागा, ऑडिट मागा, करसवलतीची ८०जी पावती मागा (ती वजावट जुन्या कररचनेतच मिळते, हे आमच्या खजिनदारांना तिसऱ्यांदा सांगतेय). पण मी विचारते तो प्रश्न वेगळा: गेल्या वर्षी तुमच्याकडची किती मुलं उपचार अर्धवट सोडून गेली, आणि का? ज्यांना आकडा आणि कारण दोन्ही माहीत असतं त्यांच्याकडे कोणीतरी फोन फिरवतंय. ज्यांच्याकडे फक्त फोटोंचा अल्बम असतो, त्यांना माझा नमस्कार.

रविवारच्या मीटिंगला मी ठराव मांडणार आहे. उरलेली वर्गणी एकाच संस्थेला, एका सोशल वर्करच्या पगाराच्या नावाने, आणि सलग तीन वर्षं, कारण उपचारही तेवढेच चालतात. गोरजला मुनि सेवा आश्रमाचं कॅन्सर हॉस्पिटल आपल्या जवळ आहे, तिथे मुलांच्या कुटुंबांना नेमकं काय कमी पडतं हे आधी दोघांनी जाऊन विचारून यावं. बॅनर हवंच असेल तर मंडपातच लावा. ज्यांना भांडायचंय त्यांनी तिथे या, चहा खजिनदारांकडून.