वक्रतेच्या अंशांपलीकडचे मोजमाप

स्कोलिओसिससाठी, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकण्याच्या विकारासाठी, ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक पट्टा) वापरणाऱ्या किशोरवयीनांचे जीवनमान एसआरएस-२२ या २२ प्रश्नांच्या प्रश्नावलीने मोजावे, ही ब्रेस-उपचारांवरील एका लेखातील सूचना स्वागतार्ह आहे. मात्र ती एकटी पुरेशी नाही. तीत हालचाल, वेदना, स्वप्रतिमा, मानसिक आरोग्य आणि उपचारांविषयीचे समाधान यांना १ ते ५ गुण (५ म्हणजे उत्तम) दिले जातात; परंतु अनेक मुलांना मुळात फारशी वेदना नसल्याने गुण वरच्या टोकाला गोळा होतात आणि ब्रेसचा त्रास निसटतो. माझ्या मुलीची पाठ दुखत नव्हती. तिला बुटाची नाडी बांधायला वाकता येत नसे, कमरेच्या हाडावर लाल वळ उठत, आणि वर्गात पेन खाली पडले तर ती ते न उचलता दप्तरातून दुसरे काढत असे. हे तिने आम्हाला कधी सांगितले नाही, कागदावर मात्र लिहिले. म्हणूनच खास ब्रेससाठी तयार झालेली ३४ प्रश्नांची ‘ब्रेस क्वेश्चनेअर’ किंवा ८ प्रश्नांची ‘बाड सोबर्नहाइम’ तणाव-प्रश्नावली मला अधिक नेमकी वाटते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील चाचणीत, ब्रेसमधील तापमान-संवेदकांच्या नोंदींवरून, वापराचे तास वाढले तसे वक्रता रोखण्यातले यशही वाढलेले दिसले. ते तास मुलांनाच काढावे लागतात. तेव्हा प्रश्नावली पालकांना बाहेर बसवून भरून घ्यावी, अशी डॉक्टरांना कळकळीची विनंती.