डॅमेज मीटर काढला तरी खापर कुणावर तरी फुटणारच

नाशिकच्या गेमिंग ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: ऑनलाइन मल्टिप्लेअर गेममध्ये लढाईचे आकडे, म्हणजे कोणी शत्रूला किती डॅमेज (इजा) केला वगैरे, दाखवणारं कुठलंही साधन, म्हणजे मीटर, नको. मीटर आला की शिवीगाळ वाढते, नवख्यांना हाकलतात, हीलर-सपोर्टचं, म्हणजे साथीदारांना बरं करणाऱ्यांचं आणि बळ देणाऱ्यांचं, काम झाकलं जातं, चांगला खेळाडू आकड्यांशिवायही ओळखू येतो, आणि ज्या गेमने मीटरवर बंदी घातली तिथे बघा लोक किती गुण्यागोविंदाने खेळतात. कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंतची मंडळी त्याखाली अंगठे टाकताहेत. मला हा मेसेज पटत नाही, आणि तो नुसता चुकीचा नाही तर ज्यांची बाजू घेतल्याचा दावा करतो त्यांचंच त्यात नुकसान आहे, असं माझं ठाम मत आहे.

शिवीगाळीपासून सुरुवात करतो, कारण सगळा मेसेज त्याच एका खांबावर उभा आहे. मीटर नसेल तर लोक एकमेकांना बोलणार नाहीत, असं त्यात गृहीत धरलंय. पण दहा जणांनी पाऊण तास झगडून बॉस, म्हणजे लढाईतला मोठा शत्रू, पडला नाही, की चूक कोणाची हा प्रश्न मीटर असो-नसो, निघतोच. आकडे नसतील तर त्याचं उत्तर अंदाजाने दिलं जातं, आणि अंदाज नेहमी त्याच माणसांवर येऊन थांबतो: जो नवीन आहे, जो हीलर आहे, जिचा आवाज माइकवर मुलीचा आहे, किंवा जो भारतातून खेळतोय.

आम्ही काही जण गिल्ड वॉर्स 2 खेळतो. त्याचा सर्व्हर भारतात नाही, त्यामुळे युरोपच्या सर्व्हरवर जातो आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ, जास्त असतो. या गेमचा पहिला रेड, म्हणजे दहा जणांच्या तुकडीने (स्क्वॉडने) लढायची अवघड मोहीम, 2015 सालचा, त्यातला पहिला बॉस व्हेल गार्डियन. आठ मिनिटांच्या आत तो पाडावा लागतो. लढाईत मधूनमधून जमिनीवर हिरवं वर्तुळ उमटतं, त्यात चौघांनी उभं राहायचं असतं. एक जरी कमी पडला तरी फटका सगळ्या स्क्वॉडला बसतो. निळ्या वर्तुळावर पाय पडला तर तुम्ही भलतीकडेच फेकले जाता. आमच्यातला एक जण, अंबडच्या एका कारखान्यात सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा बसणारा, अनोळखी युरोपियन स्क्वॉडमध्ये हीलर होता. स्क्वॉड पुन्हा पुन्हा एकाच टप्प्यावर मरत होतं. कमांडरने निकाल देऊन टाकला: हीलर भारतातला आहे, पिंगमुळे हील उशिरा पोचतंय, त्याला बदला.

तेवढ्यात कोणीतरी आर्कडीपीएसने नोंदवलेला लॉग, म्हणजे लढाईची बारीक नोंद, उघडला. आर्कडीपीएस हे या गेमसाठी बाहेरच्या माणसाने बनवलेलं मीटर आहे, आणि असे मीटर वापरायला गेमची कंपनी अरेनानेटने परवानगी दिलेली आहे. त्या लॉगवरून लढाईचा रिप्ले तयार होतो, वरून पाहिल्यासारखा, प्रत्येक खेळाडूचा एक ठिपका. सगळे मेले त्या क्षणी हिरव्या वर्तुळात तीनच ठिपके होते. चौथा दर वेळी काही सेकंद आधी निळ्या वर्तुळावर जाऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फेकला जात होता. हील वेळेवर पडत होतं. आणि तो चौथा खेळाडू डॅमेजच्या यादीत सगळ्यात वर होता.

पाणी कुठे मुरतंय ते लॉगमुळे कळलं. लॉग नसता तर आमच्या पोराला बाहेर काढलं असतं, आणि आपला पिंग खरंच नडला असं समजून त्याने कदाचित रेडच सोडला असता. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना माझं विचारणं आहे: त्या रात्री मीटर कोणाच्या विरोधात होता?

मीटरचा स्क्रीनशॉट चॅटमध्ये टाकून खालच्या क्रमांकाच्या खेळाडूला भर स्क्वॉडमध्ये अपमानित करणारे असतात, हे खरं आहे. अशांना रिपोर्ट करावं, बंदी घालावी, अजिबात दयामाया नको. पण हा त्या माणसांचा गुन्हा आहे. माइकवरूनही शिव्या दिल्या जातात, म्हणून व्हॉइस चॅट बंद करा असं हे लोक म्हणत नाहीत.

नवख्यांना हाकलण्याचा मुद्दा बघू. हाकललं जातं, मान्य. पण कधी? बहुतेक वेळा लढाई सुरू व्हायच्या आधीच, म्हणजे मीटरवर शून्य असताना. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एके काळी गिअरस्कोअर नावाच्या अॅडऑनने (गेमला बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामने) धुमाकूळ घातला होता. तो तुमच्या अंगावरच्या सामानाला गुण द्यायचा; तुम्ही लढता कसे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. गिल्ड वॉर्स 2 मध्ये रेडसाठी माणसं शोधताना ‘एलआय दाखवा’ ही अट ठरलेली, म्हणजे आधी किती बॉस मारलेत त्याचा पुरावा. नवख्याकडे तोच नसतो, मग त्याने आत शिरायचं कसं? लढून दाखवूनच. आणि लढून दाखवलं हे दिसणार कशातून? मेसेजमध्ये ज्याला नवख्याचा शत्रू म्हटलंय, त्याच मीटरमधून.

हीलर आणि सपोर्टचा मुद्दा मात्र वजनदार आहे. नुसती डॅमेजची पट्टी पाहिली तर दुसऱ्याला बळ देणारा खेळाडू तळाशी दिसतो, आणि हिरव्या वर्तुळाकडे धावणाराही खालीच घसरतो. पण याचा अर्थ मोजणं अपुरं आहे असा होतो, मोजूच नये असा नाही. 2023 च्या जुलैत वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ऑगमेंटेशन इव्होकर हा खेळाडूचा नवा प्रकार आला. त्याचं बरंचसं काम इतरांचा डॅमेज वाढवण्याचं. साध्या मीटरवर तो वाढीव डॅमेज इतरांच्या नावावर चढायचा आणि हा बिचारा मागे दिसायचा. मग गेमची कंपनी ब्लिझार्डने कॉम्बॅट लॉगमध्ये अशा मदतीच्या वेगळ्या नोंदी दिल्या, आणि त्यांच्या आधारे वॉरक्राफ्ट लॉग्ससारख्या साइटने ते श्रेय मूळ धन्याकडे वळवलं. फायनल फँटसी 14 च्या लॉगमध्येही तुमच्या बफमुळे (साथीदारांना दिलेल्या बळामुळे) इतरांचा वाढलेला डॅमेज तुमच्या खात्यात धरणारं आरडीपीएस नावाचं माप आहे. सपोर्टवरचा अन्याय मोजमाप बारीक झाल्यावर कमी झाला. मोजमाप नसतं तर तो अन्याय नेमका किती, हेसुद्धा कोणाला सांगता आलं नसतं.

आता त्या ‘आदर्श’ गेमकडे. मेसेजमध्ये फायनल फँटसी 14 चंच नाव आहे. तिथली माणसं खरंच सौजन्याने वागतात, आणि छळाबद्दल कंपनी कडक आहे याचं श्रेय तिला दिलंच पाहिजे. पण तिथे मोजमाप होत नाही हे साफ खोटं आहे. त्या कंपनीच्या, म्हणजे स्क्वेअर एनिक्सच्या, नियमांत बाहेरची साधनं निषिद्ध आहेत, आणि तरीही पीसीवरचे खेळाडू एसीटी नावाचं मीटर चालवतात. लॉग एफएफलॉग्स या साइटवर चढतात, अवघड लढाईला माणूस घेण्याआधी लोक तिथे त्याचं नाव शोधतात. बंदीमुळे इतकंच झालं की उघडपणे बोलायची सोय उरली नाही. ‘तुझं हे असं होतंय, हे बटण आधी दाब’ असं आकडा दाखवून सांगायला गेलात तर कारवाईची भीती, म्हणून शहाणी माणसं गप्प राहतात आणि पुढच्या वेळी तुम्हाला घेत नाहीत.

प्लेस्टेशनवरच्या खेळाडूची गत तर याहून वाईट. त्याला एसीटी चालवताच येत नाही. पण त्याच्या पार्टीतला पीसीवाला त्याचेही आकडे नोंदवतो आणि साइटवर टाकतो. सगळ्यांना त्याचा आकडा माहीत, त्यालाच लढताना दिसत नाही. दिंडोरीच्या द्राक्षबागेत गोडी मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर एकट्या व्यापाऱ्याच्या खिशात असावं आणि बागाईतदाराने तो सांगेल तो ब्रिक्स (गोडीचा आकडा) मुकाट्याने मान्य करावा, तसला हा प्रकार आहे. म्हणून माझी मागणी ‘मीटरला परवानगी द्या’ एवढ्यावर थांबत नाही. तो गेमच्या आतच हवा, म्हणजे पीसी असो वा कन्सोल, प्रत्येकाच्या हातात एकच माप येईल. ब्लिझार्डने 2025 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या ‘मिडनाइट’ या विस्तारासाठी लढाईतल्या अॅडऑन्सवर मर्यादा आणायचं जाहीर केलं, तेव्हा गेमचा स्वतःचा डॅमेज मीटर द्यायचंही ठरवलं. इतकी वर्षं बाहेरच्या माणसांवर सोडलेलं काम कंपनीने अंगावर घेतलं, हे मला योग्य वाटतं.

चांगला खेळाडू आकड्यांशिवाय ओळखू येतो, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. अनुभवी माणसाला तो ओळखू येत असेलही. पण जो शिकतोय त्याला स्वतःचं काय चुकतंय ते कसं ओळखू येणार? व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेममध्ये राउंड संपला की कॉम्बॅट रिपोर्ट येतो: कोणाला किती डॅमेज दिला, कोणाकडून किती खाल्ला, गोळ्या डोक्याला लागल्या की पायाला. बीजीएमआय या मोबाइल गेममध्ये मॅचनंतर डॅमेजचा आकडा येतो. आपल्याकडे कॅफेत बसणारी पोरं हे रोज वाचतात, त्यावरून हात सुधारतात, आणि ते काढून टाका असं कोणी म्हणत नाही. मग रेडमध्येच तो आकडा विष कसा ठरतो?

आणि मजा जाते म्हणणाऱ्यांनी मीटर बंद ठेवावा. दिसणं-न दिसणं ज्याच्या त्याच्या सेटिंगमध्ये असावं, याला माझी आडकाठी नाही. स्वतःचे आकडे आणि मरण्याआधीच्या काही सेकंदांची नोंद प्रत्येकाला मिळावी. स्क्वॉडचे आकडे लढाई संपल्यावर दिसावेत, आणि डॅमेजच्या शेजारी हील, बफ, वर्तुळात कोण उभं होतं हेही त्याच पानावर असावं.

एका बाबतीत मात्र मी मेसेजवाल्यांच्या बाजूने उभा राहीन, त्यांनी तो मुद्दा नीट मांडला नसला तरी. माझा लॉग दुसऱ्याने माझ्या नावानिशी जगजाहीर करणं मला मान्य नाही. आज एफएफलॉग्सवर आपलं नाव लपवायचं तर त्यासाठी खटपट आपणच करायची. हे उलटं हवं: ज्याने होकार दिला नाही, त्याच्या नावाच्या जागी नुसतं ‘हीलर’ किंवा ‘टँक’ (शत्रूचा मार झेलणारा) लिहून यावं. मीटर गेमच्या आत आला तर हे कंपनीला पहिल्याच दिवशी करता येईल. बाहेर राहिला तर अपलोड करणारा ठरवेल तसं चालत राहील.