चेलो म्हणजे ‘मोठं व्हायोलिन’ नव्हे

‘चेलो हा इटालियन शब्द, अर्थ मोठं व्हायोलिन’ असा मजकूर सध्या फिरतोय. गजाने वाजवायचं हे तंतुवाद्य इटलीतलं, शब्दही तिथलाच, इथवर ठीक. अर्थ मात्र नेमका उलटा दिलाय.

पूर्ण नाव ‘व्हिओलोनचेलो’. मूळ शब्द व्हिओला, म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातलं, जरा मोठं वाद्य. त्याला ‘ओने’ हा मोठेपणा दाखवणारा प्रत्यय लागला की व्हिओलोने, म्हणजे थोरली व्हिओला. हे खर्जातलं वाद्य. त्याला परत ‘चेलो’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय जोडला, डब्याची डबी करावी तसा. म्हणजे झाली ‘धाकटी थोरली व्हिओला’! सुटा ‘चेलो’ हे त्या नावाचं नुसतं शेपूट. बोलण्यात आधीचं सगळं गळालं, तेवढं उरलं. (आपल्याकडे चेलो म्हटलं की आधी पेनच आठवतं, ते वेगळं.)

हा शब्द १६६५ मध्ये छापलेल्या सोनाटांमध्ये (वाद्यांसाठीच्या रचनांमध्ये) दिसतो. वाद्य त्याहून जुनं. इटलीतल्या क्रेमोना शहरातला वाद्यकारागीर आंद्रेआ अमाती याने सोळाव्या शतकातच चेलो घडवले होते. चेलोच्या चार ताराही व्हिओलाच्याच सुरांत लावतात, फक्त एक सप्तक खाली.

आणि हो, ‘व्हायोलिनचेलो’ हे लेखनही चूकच. त्या नावात व्हायोलिन कुठेच नाही.