चौथा फर्मा

आमच्या दिवाणात पाहुण्यांसाठी ठेवायच्या गाद्या नाहीत. तिथे एका प्रयोगशील कादंबरीच्या २२ प्रती आणि तीन कवितासंग्रहांचे गठ्ठे आहेत. कोणी मुक्कामाला आले की शेजारच्यांची गादी मागून आणावी लागते, आणि निघताना मी पाहुण्यांच्या हातात एकेक प्रत ठेवतो. हल्ली कोणी मुक्कामाला येत नाही. छोट्या प्रकाशकांनी आमच्या संसारावर केलेला हा उपकार पत्नी अधूनमधून बोलून दाखवते.

अशी पुस्तके दुकानात मिळत नाहीत, कारण दुकानदाराला कमिशन देऊन प्रकाशकाच्या हाती काही उरत नाही, आणि जे पुस्तक कोणी मागत नाही त्यासाठी फळीवरची जागा अडवणे दुकानदारालाही परवडत नाही. मग प्रकाशकाच्या घरी फोन करायचा. फोन बहुधा त्यांची आई उचलते आणि 'तो भाजी आणायला गेलाय' असे सांगते. प्रकाशक, लेखक, मुद्रितशोधक आणि पार्सल बांधणारा असा हा एकच माणूस असतो. पूर्वी तो रजिस्टर्ड बुक पोस्टाने स्वस्तात पुस्तके पाठवीत असे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने ती सोयही बंद केली, तेव्हापासून पुस्तकापेक्षा ते पाठवण्याचा खर्चच डोळ्यांत भरतो. मी खर्चाला भ्यालो नाही. त्या कादंबरीच्या एकदम ३० प्रती मागवल्या, म्हणजे खर्च विभागला जातो. आवृत्ती ३०० प्रतींची होती. १९५४ च्या कायद्याप्रमाणे त्यांतल्या चार प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांना द्याव्या लागतात. उरलेल्या २९६ प्रतींपैकी दहा टक्क्यांहून अधिक साठा माझ्या दिवाणात आला, हे मी काही दिवस अभिमानाने सांगत असे.

माझा मेहुणा एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात आहे. साहित्याच्या बाबतीत त्याच्याकडून मला कसलीच आशा नव्हती. तरीही त्याला पुस्तक विकताना मी माझा हुकमी दाखला दिला : १९७६ मध्ये मुंबईत आदिल जस्सावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी 'क्लिअरिंग हाउस' नावाची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, तिथून कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी कवितासंग्रह पुस्तकरूपाने आला आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि बाकीच्यांचं काय झालं, भाऊजी?" मी अनियतकालिकांकडे, म्हणजे लेखकांनी स्वतःच जमेल तेव्हा काढलेल्या अंकांकडे वळलो, सायक्लोस्टाइल केलेल्या 'शब्द'पासून निघालो आणि अशोक शहाण्यांच्या 'प्रास प्रकाशना'ने काढलेल्या कोलटकरांच्या मराठी संग्रहांपर्यंत आलो. तो म्हणाला, "पुन्हा कोलटकरच." वसुलीची इतकी कमी टक्केवारी दाखवली असती तर रिझर्व्ह बँकेने त्यांच्या बँकेच्या दाराला टाळे लावले असते, असेही तो म्हणाला, मात्र पैसे रोख मोजून त्याने प्रत घेतली.

एक प्रत मी स्वतःला ठेवली आणि महिनाभरात आणखी सहा प्रती मी इमारतीतल्या लोकांच्या गळ्यात मारल्या. मग आमच्याच घरी, चहा आणि साबुदाणावडे यांच्या आमिषावर, कादंबरीवर चर्चा ठेवली. मी ४० मिनिटे बोललो. कादंबरीचा नायक ४८ व्या पानाच्या शेवटी फलाटावर उभा आहे आणि त्याच्या समोरच पुन्हा ३३ वे पान येते. तीच सोळा पाने, तोच पाऊस, तोच पंक्चर काढणारा पोऱ्या, पुन्हा ४८ वे पान आणि तिथून एकदम ६५ वे, जिथे नायकाला अचानक बायको आणि दोन मुले आहेत. मराठी कादंबरीने सरळ रेषेतला काळ इतक्या निर्भयपणे कधी मोडला नव्हता, असे मी म्हणालो. बायकोचे कारण न देणे ही लेखकाची सर्वांत मोठी झेप आहे, असेही म्हणालो. तळमजल्यावरच्या काकांनी मान डोलावली. वरच्या मजल्यावरच्या ताई 'अगदी खरं' म्हणाल्या. एका प्रतीवरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता, पण तिच्या मालकालाही ते आवर्तन फार भावले होते.

मेहुण्याने स्वतःची प्रत उघडली, बोटाला थुंकी लावून पाने मोजली आणि माझी प्रत मागून घेतली. वसुली खात्यातला माणूस पानांचे क्रमांक तपासल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाही.

"भाऊजी, माझ्या पुस्तकात ४९ ते ६४ पानं आहेत," तो म्हणाला. "लग्न त्यातच आहे. चांगलं वाजतगाजत आहे, कोपरगावला."

खोलीत साबुदाणावडा चावल्याचा आवाजही येईना. बाइंडरने माझ्या प्रतीत तिसरा फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला सोळा पानांचा जुडगा, दोनदा शिवला होता आणि चौथा घालायचा राहून गेला होता. इमारतीत ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला मेहुणा हा एकच मनुष्य होता, आणि चौथ्या फर्म्यातले जेवणावळीचे वर्णन आपल्याला फार आवडले, असे त्याने वर सांगितले.

रात्री दिवाण उघडून पत्नीच्या देखत मी २२ प्रती तपासल्या. सगळ्या निर्दोष निघाल्या. गोंधळ फक्त माझ्या प्रतीत होता, आणि तिच्या समासात मी शिसपेन्सिलीने 'वा!' असे अकरा वेळा लिहिले होते. चौथा फर्मा मी त्या रात्री बसून वाचला. लग्न खरोखरच चांगले झाले आहे. पण त्यानंतर ६५ व्या पानावरची बायको मला पहिल्यासारखी थरारून सोडीना, आणि हे मी अजून मेहुण्याला सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी लाजतलाजत लेखकाला फोन केला. तो भाजी घेऊन परतला होता. प्रत बदलून देतो म्हणाला, त्याला मी नकार दिला. मग मी चर्चेत काय काय बोललो ते त्याने खोदून विचारले, मध्येच थांबवून आवर्तनाचा भाग पुन्हा सांगायला लावला आणि बराच वेळ गप्प राहिला.

"सर, हे मला सुचायला हवं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या आवृत्तीत सगळ्याच प्रती तशा शिवून घेतो. पण त्याआधी पहिली संपायला हवी ना. तुम्हाला अजून किती पाठवू?"

मी दिवाणाकडे पाहिले, स्वयंपाकघराकडे पाहिले आणि आवाज खाली आणून दहा सांगितल्या.