अण्णा आळ्यात खुर्ची टाकून बसले होते

काल संध्याकाळच्या वळवात आमच्या गल्लीतला कडुनिंब पडला. एक रिक्षा दबली, माणूस वाचला, तेवढं नशीब. आज सकाळी करवत लागली आणि दहाच्या आत सगळं झाड ट्रॉलीत. बघायला जमलेले एकच बोलत होते, "जुनं झालं होतं, कधीतरी पडणारच होतं."

अहो, कडुनिंबाला पन्नास वर्षं म्हणजे काय वय झालं? मी खड्ड्यात वाकून बघितलं. गटाराच्या बाजूची मनगटाएवढी मुळं सरळ कापलेली, काळी पडलेली. बाकीची सिमेंटच्या चौकोनात सुताच्या गुंडीसारखी गोल गोल फिरलेली. बुंध्यात ट्री-गार्डची लोखंडी पट्टी, लाकडानं गिळलेली. हे झाड कालच्या वाऱ्यानं नाही पडलं. गटार खणलं त्या दिवशीच त्याचा पाय तोडला होता.

72 च्या दुष्काळात सोलापूर होरपळलं, त्यानंतर 1974 ला आमच्या अण्णांनी गल्लीत ओळीनं पाच कडुनिंब लावले. कारखान्यातून आले की भांडी धुतलेलं पाणी घागरीनं एकेका आळ्यात ओतायचे. पुढं रस्ता काँक्रीटचा करायला आले तेव्हा आमच्या दारातल्या झाडाच्या आळ्यात अण्णा खुर्ची टाकून बसले. "काका, उठा की ओ, मिक्सर थांबलाय." अण्णा म्हणाले, "चारी बाजूंनी हातभर माती सोड, मग उठतो." दुपारपर्यंत हलले नाहीत. लोक बघत होते, मला लाज वाटत होती. आज त्या लाजेची लाज वाटते.

बाकीच्या चार झाडांपाशी कोणी खुर्ची टाकली नाही. एकेक करत गेली. कालचं चौथं.

झाड पाणी पितं ते बारीक तंतुमुळांनी. ती लांबवर पसरतात आणि बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात. त्यांना हवाही लागते. आपण तिथंच बुंध्याला चिकटवून पेव्हर ब्लॉक बसवतो. वर छाटणीवाले तारेच्या बाजूच्या सगळ्या फांद्या उडवतात, मग झाड एका अंगाला कलणार नाही तर काय! दिल्लीत हरित लवादानं 2013 लाच झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी सोडा म्हणून सांगितलं. आपल्याकडे महाराष्ट्रात 1975 पासून शहरातल्या झाडांसाठी कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांच्या आणि त्यापुढच्या झाडाला वारशाचा दर्जा दिला. झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावा, असंही त्यात आहे. लावा की! पण मे महिन्यात पारा 43 ला टेकतो तेव्हा त्या पन्नास रोपांच्या सावलीत कोण उभं राहणार? लावल्याचे फोटो निघतात, जगवायला कोणी येत नाही.

वाळकी फांदी डोक्यात पडली तर जीव जातो, हे मान्य. ती वेळेवर काढा. मुळं का तोडता?

सकाळी त्या करवतवाल्या पोरांवर मी फार ओरडलो. चुकलंच. त्यांनी थोडंच गटार खणलं होतं? दुपारी एक वाजता तीच पोरं डबे घेऊन अण्णांच्या कडुनिंबाखाली येऊन बसली. दुसरीकडं सावलीच नव्हती. मी पाण्याची कळशी नेऊन दिली. एक जण बुंध्याला टेकून झोपला, बाकी हळू आवाजात बोलत होते.

कोपऱ्यावरच्या करंजाला बुंध्यापर्यंत ब्लॉक आहेत. उद्या सकाळी सातला ते काढणार आहे. पहार आहे घरात. गल्लीतल्या कोणाला यायचं असेल तर खोरं घेऊन या.