खारीचा वाटा, ओहायो शाखा

मी टोमॅटोंना जितकं जपतो तितकं पोरांना जपलं असतं तर ती एव्हाना मार्गी लागली असती, असं हिचं म्हणणं आहे. अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला आमच्या मागच्या अंगणात आठ रोपं आहेत. मुळाशी चहाचा चोथा, आधाराला तारेचे पिंजरे, आणि पहिला टोमॅटो लाल व्हायला लागला की रात्री बॅटरी घेऊन त्याची ख्यालीखुशाली विचारून यायचं. उद्या तोडू म्हणून झोपावं, तर सकाळी तो कुंपणावर पडलेला. एक चावा घेतलेला. एकच! अख्खा खाल्ला असता तर बिचारीला भूक होती म्हणून सोडून दिलं असतं. पण हा एक चावा म्हणजे भाजीत मीठ कमी आहे असं सांगून पंगतीतून ताट परत पाठवण्याचा प्रकार.

इथली खार आपल्याकडच्यासारखी नाजूक नाही. चांगली दांडगी, करडी, झुबकेदार शेपटीची, आणि पाठ कोरी. सेतू बांधताना रामाने पाठीवरून तीन बोटं फिरवली ती आपल्या खारीच्या. इथल्यांनी त्या कामात वाळूचा कणही टाकला नव्हता, हे पाठीवरूनच कळतं. (पट्टे असतात ते चिपमंक नावाच्या इथल्या छोट्या खारीला, पण त्याचे गडद पट्टे पाच. हिशेब जुळत नाही.)

हे सगळं मी कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांना सांगत होतो. वय सत्तरीच्या पुढे, दाढी छातीपर्यंत. आम्ही घरात त्यांना दाढीवाले काका म्हणतो. त्यांनी चावलेला टोमॅटो उलटसुलट करून पाहिला आणि आपण हापूस कधी येणार ते सांगतो तितक्या सहज म्हणाले, "सप्टेंबरच्या एक तारखेला सीझन उघडतो. येतोस?"

मी "येतो" म्हणालो. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो.

मग कळलं की ओहायोत खारीच्या शिकारीचा सीझन १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, आणि दिवसाला माणशी सहाची मर्यादा. हेही कळलं की वस्तीत, अंगणात बंदूक चालवायची नसते. त्यासाठी आग्नेयेला वेन नॅशनल फॉरेस्टला जायचं. म्हणजे माझे टोमॅटो चावणारी कोलंबसमध्ये आरामात राहणार, आणि मी पहाटे गाडी हाकत जाऊन तिच्या लांबच्या नातेवाइकांवर सूड उगवणार. भाऊबंदकीत मुरलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

पहिली पायरी परवाना. काका म्हणाले, अप्रेंटिस लायसन्स काढ, जाणत्या शिकाऱ्याबरोबर चालतं, परीक्षा लागत नाही. पण परीक्षा आहे असं कळल्यावर ती न देता पुढे जाणं मराठी मध्यमवर्गीय माणसाला जमतं का? मी हंटर एज्युकेशनचा ऑनलाइन कोर्स घेतला. वहीत मुद्दे काढले, पिवळ्या पेनाने अधोरेखित केले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. लक्ष्याच्या मागे काय आहे ते आधी बघा, कारण पॉइंट टू टूची एवढीशी गोळी मैलाहून लांब जाऊ शकते. कुंपण ओलांडताना आधी बंदूक रिकामी करा. मुलीने माझी तोंडी परीक्षा घेतली. मी पास झालो, आणि पुण्याला फॅमिली ग्रुपवर प्रमाणपत्राचा फोटो टाकला, ही चूक झाली.

पाच मिनिटांत धाकट्या भावाचा मेसेज आला. "दादा, आपल्या राज्याचा प्राणी कुठला?"

शेकरू. म्हणजे खारच, आकाराने मोठी, तांबूस आणि देखणी. आमचं आजोळ घोडेगावचं. भीमाशंकरच्या वाटेवर फांदीवर शेपटी लोंबताना दिसली की मामा एसटीतल्या सगळ्यांना उठवायचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्या केसालाही धक्का लावायची सोय नाही. आणि त्या राज्याचा सुपुत्र परदेशी जाऊन खारी मारण्याच्या परीक्षेत पास झाल्याचे पेढे मागतो आहे! आत्याने नुसता हात जोडलेला इमोजी टाकला. तो कुणासाठी होता, माझ्यासाठी की खारीसाठी, ते मी विचारलं नाही.

आमच्या ऑफिसात एच-वन-बीवर आलेल्या नागपूरच्या मुलाला मात्र माझं भलतंच कौतुक वाटलं. त्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगायची नाही असा इथला केंद्रीय कायदा. त्यातून सुटायची एक वाट म्हणजे शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षं उभं राहिल्यावर कागद लगेच हातात पडतो अशी एक तरी खिडकी या देशात आहे, याचा त्याला गहिवर आला.

तयारीचा दुसरा भाग कपडे. दुकानात पानाफांद्यांच्या नक्षीची इतकी झुडपं हँगरला लटकली होती की दरवाजा सापडेना. मी शर्ट, पँट, टोपी आणि तोंडावरची जाळी घेतली. त्यावर गोचिडांसाठी परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक मारून ते दोरीवर वाळत घातलं. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने खिडकीतून बघितलं आणि हिला विचारलं, "हा वेल कधी लावलात गं?"

तिसरा भाग आवाज. खारीला बोलतं करायला रबरी भात्याची एक शिट्टी मिळते. तळहातावर आपटली की चुक्‌-चुक्‌-चुक्‌ आवाज येतो. मी जिन्याखाली बसून सराव करू लागलो. वरून आईचा आवाज आला, "कृष्ण, कृष्ण!" आणि जमिनीवर बोट टेकवल्याची टकटक. अमेरिकेत पाल चुकचुकली म्हणून तिने त्या दिवशी बँकेचं काम पुढे ढकललं. काकांनी मग दुसरी युक्ती शिकवली. दोन क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, घ्यायची आणि एकाची दातेरी कड दुसऱ्याच्या कडेवर घासायची. खार हिकरीचं, म्हणजे अक्रोडासारख्या एका फळाचं, कवच कुरतडते तस्सा आवाज येतो, आणि दुसरी खार बघायला येते. मी स्वयंपाकघरात करून दाखवलं. खार आली नाही. आईने सवयीने पर्स उघडली आणि म्हणाली, "एक डेक्कन द्या."

नेमबाजीबद्दल थोडक्यात सांगतो. काकांच्या रायफलने पंचवीस यार्डांवरून मी दहा गोळ्या झाडल्या. कागद इतका कोरा राहिला की मुलीने त्यावर गणितं सोडवली.

या सगळ्यात धीर देणारी गोष्ट एकच सापडली, ती इतिहासात. ओहायोचं आणि खारींचं वैर जुनं. १८०७ साली इथल्या विधिमंडळाने करदात्यांनी कराबरोबर खारींची डोकी, म्हणजे डोक्याची कातडी, जमा करावी असा कायदाच केला होता. चौथाई आणि सरदेशमुखी ऐकून मोठा झालेला मी. पण ही वसुली नवी होती. पुढे १८६२च्या सप्टेंबरात, यादवी युद्धात, दक्षिणेचं सैन्य सिनसिनाटीवर चालून आलं. राज्यपालांनी हाक दिली तसे गावोगावचे लोक घरची बंदूक आणि घोंगडी घेऊन निघाले. त्यांना नाव पडलं 'स्क्विरल हंटर्स'. सरकारी मोजणी १५,७६६. ओहायो नदीवर कोळशाच्या पडावांचा तरता पूल बांधला गेला आणि त्यावरून ते पलीकडे केंटकीत गेले.

म्हणजे बघा, सेतू इथेही झाला. फक्त आपल्याकडे त्यावर खारी होत्या आणि इथे खारमारे. मला खरा आवडला तो शेवट. मोठी लढाई अशी झालीच नाही. शत्रूने समोरची तयारी बघितली आणि एका रात्री तो निघून गेला. ही मंडळीही घरी परतली. तयारी जय्यत, गोळी जवळजवळ नाही, आणि वर राज्यपालांचं प्रशस्तिपत्र. या परंपरेत आपण शोभून दिसू असं मला मनापासून वाटलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात काका बेत पक्का करायला आले. १ सप्टेंबर २०२५, सोमवार. लेबर डेची सुट्टी, पहाटे चारला निघायचं. मी "ओके" म्हणणार तोच आई फ्रिजवर लावलेलं मराठी कॅलेंडर काढून घेऊन आली. १ सप्टेंबरच्या चौकटीत ठळक लिहिलं होतं, ज्येष्ठा गौरी पूजन.

काकांना मी समजावलं. दोघी माहेरवाशिणी येतात, एक दिवस जेवतात, दुसऱ्या दिवशी जातात. काका म्हणाले, हरकत नाही, पुढच्या शनिवारी जाऊ. ६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. मग त्याच्या पुढच्या? पितृपक्ष. त्यांना वाटलं पितृपक्ष हाही एखादा पक्षी असावा. तो पंधरवडा पितरांचा, त्यात कावळ्याला घास घालतात, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "कावळ्याचाही सीझन असतो इथे!" आईला इंग्रजी कळत नाही, पण 'क्रो' आणि हाताची बंदूक कळली. म्हणाली, "त्यांना सांग, तुझे आजोबा आधीच वर्षातून एकदा जेवतात."

मग नवरात्र. मग २ ऑक्टोबरला दसरा, त्या दिवशी शस्त्राची पूजा करायची, ते चालवायचं नाही. मग दिवाळी, तुळशीचं लग्न, मार्गशीर्षातले गुरुवार. काका बोटाने एकेक चौकट ओलांडत नोव्हेंबरच्या टोकाला पोचले आणि थांबले, कारण पुढे हरणांचा बंदुकीचा सीझन आणि तेव्हा रान नवशिक्यांसाठी बरं नाही. "तुमच्या लोकांनी हा देश वसवला असता तर खारी निवडणुका लढवत असत्या," असं म्हणून ते दोन करंज्या घेऊन गेले.

१ सप्टेंबरला पहाटे चारला त्यांचा पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. मी जागाच होतो. वाया जाऊ नये म्हणून तो पानाफांद्यांचा पोशाख चढवला, जाळी ओढली आणि उजाडल्यावर मागच्या अंगणात दूर्वा खुडायला गेलो. हिने सोळा भाज्या मोजून ठेवल्या होत्या. टोमॅटो त्यातला नव्हता, पण एक पिकलेला होता आणि आजचा दिवस तो टिकला तर बरं, असं मनात होतं.

ती कुंपणावरून आली. माझ्यापासून तीन फुटांवर उतरली. मी हललो नाही; कोर्समध्ये शिकवलं होतं तसा, श्वास रोखून, मुठीत दूर्वा धरून. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला एक झुडूप दिसलं. टोमॅटो तोडला, फिरवला, एक चावा घेतला, आणि बाकीचा माझ्या बुटावर ठेवून ती निघून गेली.

एवढ्यात मागचं दार उघडलं. आई आरतीचं तबक घेऊन उभी होती. तिने अंगणावरून, टोमॅटोच्या पिंजऱ्यांवरून, माझ्या तोंडावरून नजर फिरवली आणि आत वळून म्हणाली, "अगं, हा कुठे उलथलाय? दूर्वा आणायला म्हणून गेला तो गेलाच."